शेवटच्या पानावरचं वचन : रहस्यकथा, वाट बघणारा वाचक आणि माझी एक चूक

“ताई, जाहिरात पुरावा म्हणून चालते का?” पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं. तिचा विषय वेगळाच होता, पण प्रश्न माझ्या दुखऱ्या जागेवर बरोबर बसला. चालते. फक्त ती कशाचा पुरावा आहे हे आधी ठरवावं लागतं. मी ते आधी ठरवलं नाही आणि जवळजवळ आठ महिन्यांचं काम पुन्हा करायला लागलं. तुमच्यापैकी ज्यांना जुन्या छापील साहित्यावर काम करायचंय, त्यांनी निदान ही एक खड्ड्याची जागा तरी ओळखून ठेवा.

मी मुळात रसायनशास्त्राची. एम.एस्सी.ला कागदातलं सेल्युलोज कसं तुटत जातं यावर एक छोटा प्रकल्प केला, तिथून स्वस्त मराठी पुस्तकांच्या कागदापर्यंत पोचले, आणि आता पीएच.डी.त अर्धी प्रयोगशाळेत नि अर्धी ग्रंथालयात असते. विषय असा की, विसाव्या शतकात छापलेल्या मराठी रहस्यकथांचा कागद आज कुठल्या अवस्थेत आहे आणि त्यातलं काय आधी वाचवायला हवं. खरं सांगायचं तर मला गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. कागदाचा सामू मोजायचा, पान किती घड्या सोसतं ते बघायचं, छपाईचं साल लिहायचं आणि पुढचं पुस्तक घ्यायचं. अडचण त्या तिसऱ्या, सगळ्यात सोप्या वाटणाऱ्या रकान्यातच निघाली. यातल्या कितीतरी पुस्तकांवर साल छापलेलंच नाही.

साल नसेल तर सगळंच लटकतं. कागद पन्नास वर्षांत इतका पिवळा पडला की सत्तर वर्षांत, हे माहीत नसताना ऱ्हासाचा वेग कसा काढणार? तेव्हा माझ्या मार्गदर्शकांनी सुचवलं, “शेवटची पानं बघ. तिथे ‘आगामी’ म्हणून काय काय छापलंय ते टिपून घे.” तिथून मी या भानगडीत शिरले. भानगड म्हणजे, रहस्यकथा लिहिणारा माणूस आपल्या पुढच्या पुस्तकासाठी वाचकाला कसा तिष्ठत ठेवतो, याचा इतिहास.

हा इतिहास आपल्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सुरू झाला नाही. तो आठवड्याच्या अंकात सुरू झाला. इंग्लंडात १८४४ पासून जॉर्ज रेनॉल्ड्स ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ दर आठवड्याला एका पेनीला विकत होता. अंक आठ पानांचा. आठ पानं भरली की मजकूर थांबायचा, मग वाक्य पुरं झालेलं असो वा नसो. आज आपण ज्याला ‘उत्कंठा ताणणं’ म्हणतो, त्यातला काही भाग हा निव्वळ कागदाच्या मापाचा परिणाम होता, हे मला फार गमतीशीर वाटतं. पुढे हेच माप माझ्या गळ्याशी येणार होतं, ते सांगतेच.

रेनॉल्ड्स आज इंग्लंडात फारसा कुणी वाचत नाही, पण एकोणिसाव्या शतकात भारतात तो तुफान वाचला जायचा. प्रिया जोशी यांनी ‘इन अनदर कंट्री’ (२००२) या पुस्तकात भारतातल्या ग्रंथालयांच्या नोंदी आणि याद्या चाळून हे दाखवलं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे पुस्तक निष्कर्षांसाठी तर वाचावंच, पण ‘लोकांना काय आवडायचं’ हा हवेतला प्रश्न त्यांनी मोजता येईल अशा प्रश्नात कसा बदलला, हे बघण्यासाठी जास्त वाचावं. मराठीत हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून क्रमशः येऊ लागली, तिच्यामागेही रेनॉल्ड्सची प्रेरणा होती. १८९० मध्ये आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात पुढची काही वर्षं हप्त्याहप्त्याने आली. ती रहस्यकथा नव्हे, पण आठवडाभर थांबायची सवय मराठी वाचकाला अशाच लेखनाने लावली. आणि थांबवून ठेवलेल्या वाचकाला शेवट मिळेलच याची खात्री तेव्हाही नव्हती. आपट्यांच्या ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. इंग्रजीतलं प्रसिद्ध उदाहरण डिकन्सच्या ‘एडविन ड्रूड’चं. बारा भागांत येणार म्हणून ठरलेली ही रहस्यकादंबरी १८७० मध्ये लेखक वारल्यामुळे सहा भागांवर थांबली, आणि खून कुणी केला यावर लोक अजून भांडताहेत. ही ‘अपुरी’ उदाहरणं लक्षात ठेवा. माझी चूक तिथेच आहे.

रेनॉल्ड्सला मराठी वेश चढवण्यात गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) यांचा हात कुणी धरू शकला नसता. पेशाने वैद्य. ‘ब्राँझ स्टॅच्यू’वरून बेतलेली त्यांची ‘कालिकामूर्ती’ वाचताना हे मूळचं परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही. त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं, इथे पुढे जाते.

कारण मला गाठायचेत ते बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर हजारावर रहस्यकथा होत्या. काळा पहाड, झुंजार, धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू ही त्यांची माणसं. तुमच्या घरातल्या सत्तरीच्या पुढच्या कुणालाही विचारून बघा, चेहऱ्यावर काय उमटतं ते बघण्यासारखं असतं. मुखपृष्ठं बऱ्याचदा रघुवीर मुळगावकरांची. आता हजार पुस्तकं लिहिणारा माणूस प्रत्येक पुस्तकाची वेगळी दवंडी कशी पिटणार? पिटायची गरजच नव्हती. वाचक एका विशिष्ट कथेची वाट बघत नसे, तो झुंजारची वाट बघत असे. कथा संपते, नायक संपत नाही. एका पुस्तकाचं शेवटचं पान हीच पुढच्या पुस्तकाची पहिली ओळ.

हे गणित पुढच्या पिढीने आणखी पक्कं केलं. सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) तर नायकांची फळीच उभी केली: दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन. आज ते ‘दुनियादारी’मुळे ओळखले जातात, त्यातही २०१३च्या सिनेमामुळे जास्त. पण त्यांचा वाचक तयार झाला तो या नायकांच्या पुस्तकांवर. गुरुनाथ नाईकही तसेच. नारायण धारपांनी (१९२५–२००८) भयकथेत समर्थ उभे केले. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाची प्रेरणा धारपांच्या कथेत आहे हे कळल्यावर माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी धारप शोधून वाचले, मीसुद्धा. याशिवाय दिवाळी अंक होतेच. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाला वर्षातली एक तारीख आयती मिळाली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकाने गूढ आणि चमत्कारिक कथांना हक्काची जागा दिली. दिवाळीची वाट बघायला कुणाला शिकवावं लागत नाही.

वाट बघायला लावणं हे किती अंगाशी येऊ शकतं, त्याचं एक उदाहरण सांगते, कारण ते शेवटच्या पानाचंच आहे. १९०५. एडगर वॉलेस, ‘डेली मेल’चा वार्ताहर, खिशात फारसं काही नाही. त्याने ‘फोर जस्ट मेन’ ही कादंबरी लिहिली आणि ती काढायला स्वतःच प्रकाशनसंस्था थाटली, टॅलिस प्रेस नावाची. गोष्ट अशी की, ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याला आधीच जाहीर करून, बंद खोलीत, पोलिसांचा गराडा असताना मारलं जातं. कसं मारलं? ते पुस्तकात छापलंच नाही! शेवटी एक फॉर्म जोडला. वाचकाने उत्तर लिहून पाठवायचं, एकूण ५०० पौंडांची बक्षिसं. बसवर, भिंतींवर, हातोहात जाहिराती लावल्या. पुस्तक भरपूर खपलं. पण नियमांत त्याने बरोबर उत्तर देणाऱ्या किती जणांना बक्षीस मिळेल याची मर्यादाच घातली नव्हती. बरोबर उत्तरं कितीतरी आली. जाहिरातींचा खर्च आधीच डोक्यावर. बक्षिसं लवकर जाहीर होईनात, लोकांना संशय यायला लागला, आणि ‘डेली मेल’चे मालक हार्म्सवर्थ यांना आपल्या वर्तमानपत्राची अब्रू वाचवायला वॉलेसला पैसे द्यावे लागले. शेवटी त्याने पुस्तकाचे हक्क ७५ पौंडांना विकले. पुढे त्याच पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, त्या दुसऱ्याच्या खात्यात. (खून कसा झाला ते मी सांगणार नाही. शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांना तर जमायलाच हवं.)

पहिल्या आवृत्तीच्या जुन्या प्रतींत तो फॉर्म शाबूत असणं हीच आता अपूर्वाईची गोष्ट. का? कारण फॉर्म फाडून पाठवण्यासाठीच होता. ज्या वाचकाला उत्कंठा सगळ्यात जास्त वाटली, त्याच्या प्रतीत उत्कंठेचा पुरावा उरला नाही. पुराव्याची ही खोडी आहे. जिथे घटना सगळ्यात जोरात घडते, तिथेच कधीकधी तिचा कागद नाहीसा होतो.

मराठी रहस्यकथांचं तेच झालं. फाडणारे हात वेगळे, एवढंच. ग्रंथालयात मासिकांचे आणि पातळ पुस्तकांचे खंड बांधतात तेव्हा बांधणारा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकतो. जागा वाचते, खंड सुबक होतो, आणि ‘मजकूर’ पूर्ण राहतो. त्यात त्याची चूक नाही, शंभर वर्षं जगभर हेच होत आलंय. मुळात या पुस्तकांना साहित्य मानून जपणारी ग्रंथालयं कमी. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांतच ती फिरायची, आणि इतकी फिरायची की पहिलं आणि शेवटचं पान आधी जायचं. माझ्या वहीत ‘शेवटचं पान नाही’, ‘शेवटचं पान नाही’ अशी पानभर ओळ आहे.

आता कुंभिवली. आमचं घर तिथलं, खालापूर तालुक्यात. सावरोली–खारपाडा रस्त्याला आता कारखान्यांची रांग आहे, पण आजोबांच्या वेळी ते नोकरीसाठी कर्जतला जायचे. सायकलने खोपोली स्टेशन, तिथून गाडी: लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, कर्जत. “जाताना एक प्रकरण, येताना एक,” असं आजी सांगते. दोन वर्षांपूर्वी पावसाच्या आधी कौलं उतरवून घराचं छप्पर बदलायचं ठरलं आणि पोटमाळा रिकामा करायची वेळ आली. तिथे एक पत्र्याची पेटी. वर जुनी कॅलेंडरं, खाली साठेक रहस्यकथा. काकाने ती रद्दीवाल्यासाठी अंगणात काढूनही ठेवली होती. मी शनिवारी घरी पोचले म्हणून. रविवारी पोचले असते तर हा लेख झाला नसता.

आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वाटेल, यातलं काय टिकलं असणार. वाळवी पेटीच्या पत्र्यामुळे आत शिरली नव्हती, कसर मात्र मनसोक्त फिरली होती. कागद चहाच्या रंगाचा. हा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यात लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं. शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटीचं खळ देत, त्यातून आम्ल तयार होतं, आणि ओलाव्यात हे आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं. पान दुमडलं की कोपरा हातात येतो. पण या पुस्तकांना कुणी बांधलं नव्हतं. बहुतेकांची मुखपृष्ठं होती, आणि शेवटची पानंही होती.

त्या पानांवर दोन याद्या असायच्या. एक ‘प्रसिद्ध झालेली पुस्तके’, दुसरी ‘लवकरच प्रसिद्ध होणारी’. मी आनंदाने वेडी झाले, कारण यातून साल नसलेल्या पुस्तकांचा क्रम लावता येतो. समजा क, ख, ग अशी तीन पुस्तकं आहेत. ख च्या शेवटी क ‘प्रसिद्ध’ या यादीत आहे आणि ग ‘लवकरच’मध्ये. मग ख हे क च्या नंतरचं आणि ग च्या आधीचं. अशा पाचपन्नास साखळ्या एकमेकींत अडकवल्या आणि त्यातल्या दोनचार पुस्तकांचं साल बाहेरून पक्कं करता आलं, की मधल्या सगळ्यांना जागा मिळते. भूगर्भशास्त्रात खडकांचे थर असेच लावतात. कुठला थर कुठल्यावर आहे हे आधी, वय नंतर. बाहेरून साल पक्कं करायला १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. एका माणसाने १८०० पासूनची मराठी पुस्तकं नोंदवत १९५० पर्यंत आणली. तुम्ही कुठल्याही विषयावर काम करत असा, एकदा दाते सूची हातात घेऊन बसा. ब्रिटिश काळातल्या पुस्तकांसाठी १८६७च्या कायद्याने निघणाऱ्या त्रैमासिक याद्या आहेत. त्यात छापखाना, पानं, किंमत आणि किती प्रती छापल्या हेसुद्धा असतं. सरकारने हे केलं ते लक्ष ठेवण्यासाठी, उपयोग झाला आपल्याला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे मी दोन चुका केल्या.

पहिली चूक लहान. मला वाटलं, पुस्तकात जाहिरातीची पानं जितकी जास्त तितका प्रकाशकाचा जोर जास्त. म्हणजे उत्कंठेचं माप मिळालं! मी पानं मोजली, आलेख काढला, आलेख छान वरखाली झाला. तो एका जुन्या छापखानेवाल्या काकांना दाखवला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही, एक कागद घेतला आणि घड्या घालून दाखवला. “सोळा पानांचा एक फॉर्म. सहा फॉर्म म्हणजे शहाण्णव पानं. गोष्ट ब्याण्णववर संपली तर चार पानं कोरी सोडणार का? टाका जाहिरात. गोष्ट शहाण्णवला भिडली तर जाहिरात नाही.” म्हणजे माझा आलेख दाखवत होता तो प्रकाशकाचा उत्साह नव्हता. सोळाने भागल्यावर काय उरतं, ते दाखवत होता. रेनॉल्ड्सची आठ पानं मी मोठ्या चवीने वाचली होती, तोच नियम माझ्या टेबलावर होता आणि मला दिसला नाही. तेव्हापासून मी कुठलीही जाहिरात बघितली की आधी ती कुठल्या जागेत छापलीय ते बघते. आतल्या फॉर्मवर की मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला? मुखपृष्ठाचा कागद वेगळा, बऱ्याचदा छापखानाही वेगळा, आणि न खपलेल्या जुन्या फॉर्मांना नवं मुखपृष्ठ चढवून पुस्तक पुन्हा बाजारात येऊ शकतं. तसं झालं असेल तर एकाच पुस्तकात दोन वेगवेगळ्या काळातल्या याद्या असतात. इथे माझं रसायनशास्त्र कामाला आलं. दोन कागदांची अवस्था वेगळी आली की मी थांबते आणि पुन्हा बघते.

दुसरी चूक मोठी, आठ महिने खाणारी. मी ‘लवकरच प्रसिद्ध होणारी’ या यादीतली नावं थेट माझ्या सूचीत टाकली. नाव छापलंय, लेखक छापलाय, किंमतसुद्धा छापलीय, म्हणजे पुस्तक असणारच! ते कुठल्या ग्रंथालयात नाही? अहो, ही पुस्तकं ग्रंथालयात असतातच कुठे, असं मीच मला समजावलं. पुरावा नसल्याचं कारण माझ्याकडे इतकं तयार होतं की पुरावा नाही हे मला टोचलंच नाही. सहामाही सादरीकरणात समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “यातलं प्रत्यक्ष हातात किती आलंय?” मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग बाकीची ही पुस्तकं नाहीत. बाकीची ही वचनं आहेत.”

घरी येऊन मी यादी पुन्हा लावायला घेतली. काही नावं पुढे दुसऱ्याच शीर्षकाने आली होती, म्हणजे मी एकच पुस्तक दोनदा मोजलं होतं. काही नावं एका पुस्तकाच्या शेवटी ‘लवकरच’, पुढच्याच्या शेवटी ‘लवकरच’, त्याच्याही पुढच्यात ‘लवकरच’, आणि मग यादीतून गुपचूप गायब. अशी नावं ‘प्रसिद्ध’च्या यादीत कधीच चढली नाहीत. ज्या साखळ्यांत ही नावं टोकाला होती, त्या सगळ्या साखळ्या सुटल्या, आणि त्यांच्यावर बेतलेली सालं, आणि त्या सालांवर काढलेले ऱ्हासाचे वेग. आठ महिने ते असे गेले. आता माझ्या सूचीत दोन रकाने आहेत: ‘जाहीर’ आणि ‘हातात’. तुम्ही पहिल्या दिवसापासून तसे करा. ‘हातात’मध्ये काय जाईल याचा नियमही लिहून ठेवा: प्रत बघितली, किंवा जिने प्रत बघितलीय अशा विश्वासू सूचीत नोंद आहे, किंवा नंतरच्या काळात कुणी वाचून त्याबद्दल लिहिलंय. बाकी सगळं ‘जाहीर’.

पण ‘जाहीर’चा रकाना फेकायचा नाही, हे मला उशिरा कळलं. ते पुस्तक नसलं तरी जाहिरात घडलेली आहे. लेखकाने काहीतरी ठरवलं होतं, प्रकाशकाने त्यावर जागा घालवली होती, आणि कुणीतरी ते वाचून वाट बघितली होती. हे तिसरं सिद्ध करणं सगळ्यात अवघड. लेखकाचा हेतू छापलेला असतो, वाचकाची वाट कुठे छापलेली असते? कॉनन डॉयलने १८९३ मध्ये होम्सला मारलं तेव्हा लंडनचे लोक हाताला काळ्या फिती बांधून फिरले ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. सगळीकडे छापलेली असते. पण त्या काळातलं वर्तमानपत्र दाखवा म्हटलं की ते पुढे येत नाही, गोष्ट सापडते ती कितीतरी नंतरच्या लेखनात. १९०१ मध्ये ‘स्ट्रँड’मध्ये ‘बास्करव्हिल’ सुरू झाली तेव्हा लोक त्यावर तुटून पडले हे खरं. फितींचं मात्र मी तरी माझ्या प्रबंधात लिहिणार नाही.

माझ्याकडे वाट बघण्याचा पुरावा होता, आणि मी तो कागदाचा डाग समजून सोडून दिला होता. आजोबांनी याद्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. वाचलेल्या पुस्तकापुढे बरोबरची खूण. नवीन पुस्तकाची यादी आली की आधीच्या सगळ्या खुणा पुन्हा उतरवायचे, म्हणजे प्रत्येक यादी ही त्या दिवशीचा हिशेब. ‘लवकरच’च्या यादीतही खुणा होत्या: हवं असलेल्या नावाभोवती गोल. ते पुस्तक आलं, वाचलं, की पुढच्या यादीत त्याच नावापुढे बरोबर. गोल ते बरोबर यात किती पुस्तकं गेली हे मोजता येतं. एका वाचकाची उत्सुकता, एका गाडीच्या मार्गावरची, त्यावरून महाराष्ट्राबद्दल काही म्हणता येणार नाही हे मला माहीत आहे. पण ‘वाचक आतुरतेने वाट पाहत असत’ असं मोघम वाक्य लिहिण्यापेक्षा हे एक घर मला जास्त मोलाचं वाटतं. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर उघडा. खुणा पुसू नका, धूळ ब्रशने काढा, आणि चिकटपट्टी अजिबात लावू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणारे माझे शत्रू आहेत. मुखपृष्ठाचे आणि शेवटच्या पानांचे फोटो आधी काढा, मग बाकीच्याचे.

सगळ्यात मन लावून बघावा असा एक गोल आहे. एका नायकाचं नाव त्या शीर्षकात आहे (काम अजून छापून यायचंय म्हणून इथे देत नाही). पहिल्या यादीत साधा गोल. दुसऱ्यात दोनदा गिरवलेला. तिसऱ्यात गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह. चौथ्या यादीत ते नावच छापलेलं नाही, आणि यादीच्या खाली, कोऱ्या जागेत, आजोबांनी ते स्वतः पेन्सिलीने लिहिलंय आणि त्याभोवती गोल काढलाय.

मी ते पान आजीला दाखवलं. तिला अक्षर लगेच ओळखू आलं, पुस्तकाचं नाव मात्र आठवेना. मग म्हणाली, “स्टेशनवरच्या पुस्तकवाल्याला विचारायचे ते एकाबद्दल, आलं का म्हणून. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात. मग तो स्टॉलवालाच बदलला.”

पेटीतली पुस्तकं आता प्रत्येकी वेगळ्या आम्लमुक्त पाकिटात आहेत. ते पान ‘जाहीर’च्या रकान्यात गेलंय.